लॅबमध्ये २२ मशिनं, त्यातल्या ८ वर माझं .डेब मरतंय (फ्लिंट ३, जीएमपी, डेबियन १२)

लॅबवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी प्रोग्रॅमर नाही. सांगलीतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, बारा वर्षं झाली. मशिनं चालू ठेवायची, माउस चोरीला जाऊ द्यायचे नाहीत आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी प्रिंटरची मनधरणी करायची, एवढंच आपलं काम. लिनक्स मात्र आवडीनं शिकलो.

झालं असं की गणिताच्या मॅडमना मुलांना विभाजनं दाखवायची आहेत. म्हणजे ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१ अशी पाच तऱ्हांनी मोडता येते, म्हणून पी(४) बरोबर ५. पी(१००) ला हा आकडा १९ कोटींच्या वर जातो. रामानुजन आणि हार्डींनी १९१८ साली यासाठी सूत्र दिलं. ते मुलांनी नुसतं फळ्यावर बघू नये, चालवून बघावं, अशी मॅडमची इच्छा. त्यांच्या नोट्स फ्लिंट ३ (संख्यांच्या गणितासाठीची सी भाषेतली लायब्ररी) वर लिहिलेल्या आहेत. लॅबमध्ये डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), त्यात फ्लिंट २.९, आणि आर्ब (चुकीची मर्यादा सांभाळून दशांशांची गणितं करणारी) लायब्ररी अजून वेगळी. फ्लिंट ३ मध्ये आर्ब आतच घेतली आहे, त्यामुळे नोट्समधल्या हेडरच्या (प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लायब्ररी मागवणाऱ्या) ओळीसुद्धा जुन्यावर चालत नाहीत.

आता २२ मशिनांवर एकेक करून कम्पाइल कोण करत बसणार? म्हटलं .डेब, म्हणजे डेबियनवर थेट टाकता येणारं पॅकेज, करू. माझा लॅपटॉप आठव्या पिढीचा आय५, त्यावरही डेबियन १२. त्यावर आधी जीएमपी (मोठ्या आकड्यांच्या आकडेमोडीची लायब्ररी, फ्लिंट तिच्यावरच उभं आहे) ६.३.० उतरवून बांधलं, म्हणजे कम्पाइल केलं (डेबियनचं ६.२.१ आहे, म्हटलं नवीन असलेलं बरं), मग त्याच्यावर फ्लिंट ३.०.१. दोन्हीला 'मेक इन्स्टॉल'च्या जागी 'चेकइन्स्टॉल' चालवलं, दोन .डेब मिळाली. पेन ड्राइव्ह घेऊन फिरलो, दीड तासात २२ मशिनं झाली. घरी जाताना गणपती मंदिरापाशी गाडी लावून भेळ खाल्ली, इतका खूश होतो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. १४ मशिनांवर सगळं झकास. ८ मशिनांवर पी(१००) बरोबर येतं आणि पी(१०,०००) मागितलं की 'इलीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड'. लहान आकड्याला चालतं, मोठ्याला मरतं, म्हणून मला वाटलं रॅम कमी पडत असेल. एका मशीनला रॅम वाढवून पाहिली. तसंच.

८ पैकी ६ मशिनं जुनी आहेत, दुसऱ्या पिढीचे आय३. पण उरलेली दोन २०१८ ला घेतलेली आहेत, म्हणजे 'जुनी म्हणून' हेही म्हणता येत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे याच ८ मशिनांवर कालपासून 'डब्ल्यूगेट' (नेटवरून फाइली उतरवणारा प्रोग्रॅम) सुद्धा त्याच एररनं मरतंय. त्याचा याच्याशी संबंध नसावा, पण सांगून ठेवलं.

जाता जाता अजून एक. जीएमपीचं 'मेक चेक' (लायब्ररीची स्वतःची चाचणी) चालू असताना लाइट गेली, म्हणून ते अर्ध्यावर सोडलं. फ्लिंटचं तर लावलंच नाही, फार वेळ खातं. पॅकेज करताना टेस्ट टाळल्या तर चालतं ना?


कंदी_पेढा

नमस्कार. मी साताऱ्याचा. नोकरीत डेबियनची पॅकेजेस सांभाळणं हा कामाचा भाग आहे.

संबंध आहे, आणि तुमची सगळ्यात उपयोगी ओळ तीच आहे. रॅम परत काढून ठेवा, तिचा काही दोष नाही.

मरणाऱ्या कुठल्याही मशीनवर तीन गोष्टी करा. 'एलडीडी' (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ऱ्या उचलतो ते दाखवतं) ला डब्ल्यूगेटचा पूर्ण पत्ता द्या आणि जीएमपीची ओळ इथं टाका. फ्लिंटचा प्रोग्रॅम जीडीबीत (चुका शोधायच्या साधनात) चालवा, मेला की 'एक्स स्लॅश आय डॉलर पीसी' द्या, ज्या सूचनेवर अडकला ती दिसेल. आणि त्या २०१८ च्या दोन मशिनांचा प्रोसेसर नक्की कोणता ते 'एलएससीपीयू'त बघून सांगा, खोक्यावरचा स्टिकर बघून नको.

फ्लिंट कॉन्फिगर करताना सीफ्लॅग्जमध्ये (कम्पायलरला द्यायच्या पर्यायांत) काही दिलं होतं का?


लॅबवाला_सांगली

दादा, पटकन उत्तर दिलंत, आभार.

डब्ल्यूगेटच्या एलडीडीत जीएमपीच्या ओळीपुढे आलंय: यूएसआर, लोकल, लिब, लिबजीएमपी.एसओ.१०. म्हणजे माझंच! डब्ल्यूगेटला जीएमपी कशाला लागतं?

जीडीबीत बाण दाखवतोय तिथं 'मलएक्स' लिहिलंय. फंक्शनच्या नावात 'जीएमपीएन' आणि 'मल बेसकेस' आहे.

२०१८ ची दोन्ही मशिनं पेन्टियम गोल्ड निघाली. ऑफिसनं 'आय३ सारखीच आहेत' म्हणून घेतली होती.

सीफ्लॅग्जमध्ये 'ओ३' आणि 'मार्च बरोबर नेटिव्ह' दिलं होतं. कुठंतरी वाचलं होतं की त्यानं वेग वाढतो. वाढलाही होता.


कंदी_पेढा

मग कोडं सुटलं. जरा लांबण लावतो, कारण यात एक नाही, तीन गाठी आहेत.

मलएक्स ही गुणाकाराची सूचना इंटेलनं २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिली. तुमचा दुसऱ्या पिढीचा आय३ म्हणजे सँडी ब्रिज, २०११ चा. त्याला ही सूचना माहीतच नाही, म्हणून तो हात वर करतो. पेन्टियम गोल्ड नव्या पिढीचा असूनही त्यात एव्हीएक्स२ (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) आणि त्याच्यासोबतच्या या सूचना इंटेलनं कापलेल्या असायच्या. म्हणून 'नवं मशीन' म्हणजे सगळं आलंच, असं धरता येत नाही. तुमची आठही मशिनं एका माळेत बसली.

या सूचना पॅकेजात आल्या कुठून? जीएमपीला काही न सांगता कॉन्फिगर केलं की ते ज्या मशीनवर बसलंय त्याचा प्रोसेसर ओळखतं आणि त्याच्या मापाचं असेम्ब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला कोड) उचलतं. कॉन्फिगरच्या सुरुवातीच्या ओळींत ते नाव छापलेलंही असतं, पण त्या ओळी कोण वाचतं. स्वतःपुरतं बांधायचं तर हे उत्तमच, जीएमपीचा वेग त्यातच आहे. पण तुम्ही शिवलात स्वतःच्या मापाचा सदरा आणि घातलात २२ जणांना. जीएमपीला 'एनेबल-फॅट' नावाचा पर्याय आहे. तो दिला की बऱ्याच प्रोसेसरांचं असेम्ब्ली एकाच लायब्ररीत भरलं जातं आणि कुठलं वापरायचं ते चालताना ठरतं. फ्लिंटमध्ये हाच घोळ 'मार्च नेटिव्ह'नं (म्हणजे 'याच प्रोसेसरच्या मापानं बांध') तुम्ही स्वतः घातलात. समजा जीएमपी ठीक असतं, तरी फ्लिंट दुसरीकडे कुठंतरी असंच मेलं असतं.

पी(१००) का चाललं? फ्लिंट १२८ च्या खालच्या विभाजनांची गणितं करतच नाही, आत तयार तक्ता आहे, त्यातून आकडा काढून देतं. पी(१०,०००) हा १०७ अंकी आकडा, तिथं खरोखरचा गुणाकार लागतो. म्हणजे पॅकेज तपासायला तुम्ही नेमकी अशी चाचणी लावलीत की जिच्यात गिरणी चालूच होत नाही.

आता डब्ल्यूगेट. डेबियनचं डब्ल्यूगेट एचटीटीपीएससाठी जीएनयूटीएलएस ही लायब्ररी वापरतं, ती नेटल ही सांकेतिकीकरणाची लायब्ररी वापरते आणि नेटल मोठ्या संख्यांसाठी जीएमपी. त्यांना हवं असतं 'लिबजीएमपी.एसओ.१०'. तुमच्या ६.३.० चं सोनेमही (लोडर ज्या नावानं लायब्ररी ओळखतो त्यातला आकडा) तेच, १०. चेकइन्स्टॉलनं ते यूएसआर-लोकलमध्ये टाकलं आणि डेबियनमध्ये लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ऱ्या शोधणारा) ती जागा आधी बघतो. डीपीकेजीनं (डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम) अडवलं नाही, कारण तुमच्या पॅकेजचं नाव वेगळं, फाइलींचा पत्ता वेगळा, त्याच्या लेखी दोघं दोन गावचे. तुम्ही मॅडमसाठी एक लायब्ररी टाकायला गेलात आणि त्या २२ मशिनांवर जीएमपी वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचं जीएमपी बदललंत. १४ मशिनांवरही ते बदललेलं आहे, फक्त तिथं बोंब झाली नाही. पायथनचं जीएमपीवाय२ असेल तर तेही त्याच्यावरच चाललंय.

तेव्हा आज पहिलं काम: दोन्ही पॅकेजेस सगळ्या २२ वरून काढा, 'एलडीकॉन्फिग' चालवा (लोडरची लायब्ऱ्यांची यादी ताजी होते), डब्ल्यूगेट तपासा.

मग जीएमपीला हात लावू नका. फ्लिंट ३ ला डेबियन १२ मधलं ६.२.१ पुरतं. आणि फ्लिंटही शून्यातून बांधू नका. डेबियनच्या टेस्टिंगमध्ये (पुढच्या आवृत्तीची तयारी चालते तिथं) फ्लिंट ३ आलेलंच आहे. दळून आलेलं पीठ पुन्हा गिरणीत कशाला न्यायचं? टेस्टिंगची फक्त 'डेब-एसआरसी' ओळ टाका, 'ॲप्ट सोर्स'नं सोर्स घ्या आणि 'एसबिल्ड'नं डेबियन १२ च्या कोऱ्या खोलीत (तुमच्या सिस्टीमपासून वेगळ्या, नव्या कोऱ्या डेबियनमध्ये) बांधा. कोरी खोली अशासाठी की तुमच्या लॅपटॉपवर इतक्या वर्षांत काय काय साठलंय ते तुम्हालाही आठवत नसणार. तिथं एखादी डेव्ह (बांधताना लागणारी) लायब्ररी यादीत लिहायची राहिली तर बांधणी लगेच अडते. लॅपटॉपवर ती गुपचूप सापडते आणि गाडं पुढं जातं.

असं बांधलं की 'डीपीकेजी-शलिबडेप्स' स्वतःच बघतं कुठली लायब्ररी लागते आणि अवलंबन लिहून टाकतं. चेकइन्स्टॉलच्या .डेबमध्ये ते खातं रिकामं राहतं, 'डीपीकेजी-डेब'नं उघडून बघा. शिवाय लायब्ररी एका पॅकेजात आणि हेडर वेगळ्या डेव्ह पॅकेजात पडतात, परवान्याची कॉपीराइट फाइलही तयार मिळते.

आवृत्तीच्या आकड्याला शेवटी टिल्ड लावून 'सांगली१' जोडा. डेबियनच्या हिशेबात टिल्ड म्हणजे 'याच्या अलीकडचं'. उद्या डेबियन पुढच्या आवृत्तीवर नेलंत की अधिकृत पॅकेज तुमच्यापेक्षा मोठं ठरतं आणि आपोआप त्याची जागा घेतं. हे विसरलात तर दोन वर्षांनी 'अपग्रेड का होत नाही' असा धागा काढाल आणि तोवर मला काही आठवत नसेल.


हरिपूरचा_पेवकरी

आमच्याकडे हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) होती तेव्हा पेव उघडलं की कुणी थेट आत उतरत नसे. आधी वारं जाऊ द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडून बघायचा, आत विझतोय का. भावा, तुझ्या त्या सहा आय३ पैकी सगळ्यात रडकं मशीन म्हणजे तुझा कंदील. ते भंगारात द्यायचं नाही. पुढचं प्रत्येक पॅकेज आधी त्यात सोडायचं.


मिरजेचा_तंबोरा

पेढेसाहेबांचं पटतं, पण अर्धंच. फ्लिंट सगळ्यांना चालेल असं, साध्या एएमडी६४ (६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरांचा समान पाया) वर बांधलं तर १४ चांगल्या मशिनांचा वेग उगाच मारला जातो. फ्लिंट ३ मधल्या लहान अविभाज्य संख्यांवरच्या एफएफटीला (मोठे गुणाकार झटपट करायची पद्धत) एव्हीएक्स२ लागतं, एआरएम प्रोसेसरवर त्याच कामाचं निऑन. साध्या बांधणीत ती वाटच बंद. मोठ्या बहुपदींच्या गुणाकारात हा फरक नजरेत भरतो. कमजोरांसाठी सगळ्यांनी हळू चालायचं का?


कंदी_पेढा

तंबोरेबुवा, मुद्दा बरोबर आहे. त्याला सोय आहे. २०२१ च्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून लोडर 'ग्लिबसी-एचडब्ल्यूकॅप्स' नावाचं फोल्डर बघतो. लायब्ररीच्या नेहमीच्या जागी साधी बांधणी ठेवायची आणि त्याखाली या फोल्डरातल्या 'एक्स८६-६४-व्ही३' मध्ये एव्हीएक्स२ वाली. प्रोसेसर व्ही३ च्या अटीत बसला तर लोडर ती उचलतो, नाहीतर तिकडं बघतही नाही. पॅकेज एकच, मशीन पाहून वेगळं काही टाकायला नको. डेबियन १२ मध्ये ग्लिबसी २.३६ आहे, म्हणजे चालेल. लोडरलाच 'हेल्प' विचारलं तर या मशीनला कुठली पातळी लागू आहे तेही तो छापतो.

स्पॅक (सुपरकॉम्प्युटरवर पॅकेजेस बांधायचं साधन) वापरणारे हाच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवतात, प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी आणि तीही नोंदवलेली. सुपरकॉम्प्युटरच्या दारात ते शोभतं. २२ मशिनांच्या लॅबला मात्र आधी साधी बांधणी धड करा, व्ही३ चं नंतर बघू.

आणि टेस्टबद्दल उत्तर द्यायचं राहिलं. नाही, चालत नाही. जीएमपीवाले स्वतःच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहितात की कम्पायलर जीएमपी चुकीचं बांधतो असंच धरून चाला आणि 'मेक चेक' केल्याशिवाय वापरू नका. दुसरी एखादी लायब्ररी बिघडली तर पडते, तुम्हाला कळतं. गणिताची लायब्ररी बिघडली तर कधीकधी ती पडत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर देते आणि मुलं ते वहीत उतरवतात. फ्लिंटचा वेळ खटकत असेल तर 'फ्लिंट टेस्ट मल्टिप्लायर' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, ०.१ दिलं की फेऱ्या कमी होतात. पण पहिल्यांदा तरी पूर्ण होऊ द्या. रात्री लावा आणि यूपीएसवर लावा.


लॅबवाला_सांगली

आठ दिवसांनी येतोय, माफ करा. मध्ये सबमिशन होती.

सगळीकडून दोन्ही पॅकेजेस काढली. एलडीकॉन्फिग झाल्याझाल्या डब्ल्यूगेट जिवंत. गंमत म्हणजे या आठपैकी एका मशीनवर 'नेट चालत नाही' म्हणून मी केबल बदलली होती, ते आता आठवून हसू येतंय.

टेस्टिंगमधला सोर्स घेऊन एसबिल्डनं बांधलं. पहिल्या फटक्यात नाही झालं, कारण माझ्या त्या कोऱ्या खोलीत इंटरनेट बंद होतं हे मला माहीत नव्हतं. मी हौसेनं रूल्स फाइलमध्ये (पॅकेज बांधायच्या पायऱ्या असतात ती) मॅडमच्या नोट्सची पीडीएफ कॉलेजच्या सर्व्हरवरून उतरवून घेणारी ओळ टाकली होती. ती काढली. टेस्ट रात्रभर चालल्या, लाइट गेली नाही, सकाळी सगळं पास.

मग पेवकरींचा कंदील. मशीन नंबर ९, हे सुरू होतानाच कण्हतं. त्यावर पॅकेज टाकलं आणि या वेळी पी(१००) वर न थांबता पी(२००) काढलं: ३९,७२,९९,९०,२९,३८८. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, हाच आकडा मॅकमहन नावाच्या गणितज्ञानं हार्डी-रामानुजनांसाठी हातानं काढला होता, सूत्र खरं उतरतंय का ते बघायला. म्हटलं, मग आमचीही चाचणी हीच. पॅकेजच्या टेस्ट फोल्डरात दहा-बारा ओळींचा सी प्रोग्रॅम घातलाय, पी(२००) काढायचं आणि या आकड्याशी ताडायचं, जुळलं नाही तर नापास. पी(१०,०००) पण घातलंय, त्यात नुसतं १०७ अंक आहेत का एवढं बघतो. २२ च्या २२ पास.

एक अडचण नवीन निघाली. मागच्या वर्षीच्या मुलांचे प्रोग्रॅम 'आर्ब.एच' थेट मागतात आणि जोडताना 'फ्लिंट-आर्ब' लिहितात. आता हेडर 'फ्लिंट' फोल्डरच्या आत आहे आणि जोडायला नुसतं 'फ्लिंट' पुरतं. सेडनं (मजकूर शोधून बदलणारं साधन) एका ओळीत बदलून टाकलं. दोन मुलांनी ओळ कॉमेंटमध्येही लिहिली होती, तिथलंही बदललं, त्यांना कळायचं नाही.

व्ही३ चं फोल्डर केलंय, पण अजून माझ्या लॅपटॉपवरच. तंबोरेबुवा, तुम्ही म्हणता तो फरक खरोखर दिसतो का ते मोजायचं आहे. पी(१००,००,००,०००) काढून मोजू का? मॅडमच्या हिशेबानं तो आकडा ३५,२१९ अंकी येईल.


मिरजेचा_तंबोरा

त्यानं नाही कळायचं, विभाजनात बहुपदींचा गुणाकार फारसा नाही. दहा लाख पदांच्या दोन बहुपदी घ्या, सहगुणक प्रोसेसरच्या एका शब्दात (६४ बिट) मावणाऱ्या अविभाज्याच्या मोड्युलोत, आणि गुणा. आधी साध्या बांधणीवर, मग व्ही३ वर, तेच मशीन, तीन-तीन वेळा. आकडे इथं टाका, बघू.


लॅबवाला_सांगली

शनिवारी लॅब रिकामी असते, तेव्हा करतो. मशीन ९ वरसुद्धा चालवतो, व्ही३ कडे ते खरंच बघत नाही ना, एवढं नक्की करायला.